जवळची वाट बंद झाली तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी पारगाव येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या एखाद्या विद्वान बाईंनी येऊन चार शब्द सांगावेत, अशी आपली रीत. यंदा मात्र अध्यक्षीणबाईंनी मला निरोप धाडला, "काकी, या खेपेस तुम्हीच बोला. आणि त्या रात्रीचीच हकीकत सांगा." मला आपले वाटत होते की ती हकीकत आता सगळ्या विसरल्या असतील. पण आपल्या गावात कोणाची फजिती कोणी विसरत नाही! तेव्हा ती दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

आधी थोडे माझ्या हातांविषयी सांगते. 1979 साली मी मराठी टंकलेखनाची मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा दिली. वर्गात गोदरेजचे यंत्र होते. त्या वेळी यंत्राचा कारभार सरळ होता. कळ दाबली की पोलादी दांडी उठायची, फितीवर आपटायची आणि कागदावर अक्षर उमटायचे. कळ आणि अक्षर यांची गाठ लोखंडाची होती. रात्री झाकण घालून घरी गेले आणि सकाळी झाकण काढले, तर 'क' जिथल्या तिथे असायचा. तो कोणी रातोरात हलवील ही कल्पनाही कोणाच्या मनात येत नसे. ती यंत्रे करणे गोदरेजने 2009 साली थांबवले. पण त्याच्या पुष्कळ आधीच माझ्या टेबलावर संगणक येऊन बसला होता.

संगणक आला तेव्हा मी घाबरले होते, हे कबूल करते. टंकयंत्रावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, आणि संगणकाच्या सरकारमान्य मराठी कळफलकावर ती अक्षराच्या नंतर मारायची! 'कि' लिहायचा तर आधी 'क', मग वेलांटी. कितीतरी दिवस माझ्या वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसत होत्या. पण बोटे शिकली. आणि बोटे एकदा शिकली की डोक्याला विचारीत नाहीत. भाकरी थापताना आपण कुठे विचार करतो, आता हात फिरवावा की दाबावा? तसेच ते.

आता शॉर्टकट म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्या वस्तीवरून गावात यायला एक सडक आहे आणि उसामधून एक पाणंद आहे. सडक लांबची, पाणंद जवळची. संगणकावरही तसेच असते. एखादा मजकूर दुसरीकडे न्यायचा, तर उंदराने वरची यादी उघडावी, तीत नक्कल करण्याची आज्ञा शोधावी आणि टिचकी मारावी, ही झाली सडक. कंट्रोल आणि सी या दोन कळा एकदम दाबाव्यात, ही झाली पाणंद. इंग्रजीतून मराठीत येण्यालाही अशीच दोन कळांची पाणंद असते. मी मंडळाचे ठराव, बचत गटाचा हिशेब, हळदीकुंकवाची पत्रे सारे काही त्या पाणंदीने लिहीत आले. इतकी वर्षे गेले की सडक कुठून जाते, तेच विसरून गेले. किंबहुना, सडक आहे हेच मला कधी कोणी दाखवले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.

आता ती रात्र. गेल्या उन्हाळ्यात आपल्या गटातल्या एका भगिनीसाठी शेवयांच्या यंत्राचे कर्ज मागायचे होते. बँकेने सांगितले, गटाचा ठराव आणि सभासदांची यादी मराठीत टंकलिखित करून उद्या सकाळी 11 पर्यंत आणा, कारण कागद पाहणारे साहेब दुपारनंतर दौऱ्यावर जाणार. मी म्हटले, हा माझ्या डाव्या हाताचा मळ आहे. जेवणे उरकली, आणि रात्री नऊला संगणक लावला. तो म्हणाला, थांबा, मी नवा होतो आहे. पडद्यावर आकडा चढू लागला. दहा टक्के, वीस टक्के. दहा वाजून गेले तेव्हा त्याने एकदाचे दार उघडले.

मी नेहमीच्या दोन कळा दाबल्या आणि 'पारगाव' लिहिले. वर पाहते तो एच, ई, जे, आय, ई, बी! आपल्या पारगावाचे 'हेजीएब' होऊन बसले होते. पुन्हा कळा दाबल्या, 'मंडळ' लिहिले. सी, एक्स, एक चौकोनी कंस आणि मोठा एन. संगणक बंद करून चालू केला, तेच. कळा जोरात दाबल्या, तेच. जणू जोरात हाक मारली म्हणजे बहिऱ्याला ऐकू येते!

आणि मग मी जे केले, ते सांगायला आजही जड जाते. माझी नात बारा वर्षांची. ती शेजारी अभ्यास करीत बसली होती. मी तिच्यावर ओरडले, "तूच काही तरी दाबून ठेवलंस. कितीदा सांगितलं, माझ्या संगणकाला हात लावू नकोस!" ती म्हणाली, "आजी, मी आज हातसुद्धा लावला नाही." मी ऐकले नाही. पोर मुसमुसत झोपून गेली.

माझी माहिती पुसणारे कोणी नव्हते असे नाही. शेजारच्या वस्तीवरची सून संगणक शिकलेली आहे. पण मध्ये ऊस उभा, आणि बिबट्याच्या भीतीने रात्री त्या पाणंदीने आपल्याकडे कोणी पाऊल टाकीत नाही. फोन होता. पण फोन करायला लाज आडवी आली. ज्या बाईने आयुष्यभर इतरांचे अर्ज टंकले, तिने रात्री साडेअकराला फोन करून म्हणायचे, "अगं, मला मराठी लिहिता येईना"? बारा वाजेपर्यंत मी त्या दोन कळा दाबीत बसले होते. मला वाटले, माझीच बोटे म्हातारी झाली. भगिनींनो, यंत्र बिघडले असे मला एकदाही वाटले नाही. आपण बायका फार लवकर दोष स्वतःकडे घेतो, आणि तो पेलवला नाही की घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या डोक्यावर ठेवतो.

सकाळी ती सून आली. तिने पडद्याच्या कोपऱ्यातल्या तीन इंग्रजी अक्षरांवर टिचकी मारली. छोटी यादी उघडली. तीत 'मराठी' लिहिलेले होते. त्यावर दुसरी टिचकी. झाले! दोन टिचक्यांची सडक, आणि मी रात्रभर बंद पाणंदीच्या तोंडाशी उभी राहिले होते. ठराव लिहून, सह्या घेऊन बँकेत पोचेतो दुपारचा एक वाजला. साहेब गेले होते. कागद आठ दिवस पडून राहिले. शेवया-कुरडयांचा हंगाम तो केवढा! त्यातले आठ दिवस त्या भगिनीचे माझ्यामुळे वाया गेले. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच मला जास्त लागले.

घरी येऊन मी नातीची क्षमा मागितली. आणि मग हट्टालाच पेटले, की हे झाले तरी कसे, ते समजून घ्यायचे. जे कळले ते आपल्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट अशी, की संगणकाच्या कळेवर 'क' छापलेला असला तरी ती कळ 'क' पाठवीत नाही. ती फक्त आपला क्रमांक पाठवते. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते करायचे, की त्याला आज्ञा समजायचे, हे आतली मूळ प्रणाली ठरवते. तिलाच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तिच्याजवळ तक्ते असतात, एक इंग्रजीचा, एक मराठीचा. तक्ता बदलला की त्याच कळेचा अर्थ बदलला. आपल्या तालुक्याचे नाव आंबेगाव. पण ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि कचेऱ्या घोडेगावला आहेत. पाटीवरचे नाव पाहून जुन्या वाटेने निघालेला माणूस पाण्यापाशी जाऊन थांबेल. माझे तसेच झाले. पाटी तीच होती, वाट हलली होती.

दुसरी गोष्ट, ही वाट हलते कशाने? प्रणाली नवी झाली की पुष्कळदा आपण घालून दिलेल्या सवयी पुसल्या जातात आणि मूळच्या पुन्हा बसतात. नव्या सुनेने फडताळ लावून घेतल्यासारखे! डबे तेच, पण मिठाच्या जागी साखर. कधी नव्या प्रणालीत एखादी नवी सोय येते आणि तीच ती कळांची जोडी आपल्यासाठी राखून ठेवते. मग आपल्या जुन्या प्रोग्रामाला ती मिळत नाही. कधी आपला मराठी लिहिण्याचा जुना प्रोग्राम नव्या प्रणालीशी जुळत नाही, किंवा संगणकाबरोबर आपोआप सुरू होईनासा होतो. कधी इंग्रजीचे दोन तक्ते होऊन बसतात, आणि आपण कळा दाबल्या की एका इंग्रजीतून दुसऱ्या इंग्रजीत जातो. आपल्याला वाटते काही झालेच नाही. आणि कधी तर प्रणालीचा काही दोषच नसतो. विंडोजमध्ये शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली, तर अपंगांसाठी केलेली एक सोय पुढे येते. ती नकळत स्वीकारली की कळा विचित्र वागू लागतात. मांडीवरच्या संगणकात वरच्या ओळीतल्या एफ अक्षराच्या कळा आवाज आणि उजेड कमीजास्त करू लागतात. तेव्हा आधी पाहावे, मगच कोणाला बोल लावावा. हे मी नातीला रडवून शिकले.

तिसरी गोष्ट धीराची आहे. सगळेच काही बदलत नाही. नक्कल करणे, कापणे, चिकटवणे या कल्पनेला आकार देणारे लॅरी टेसलर हे अमेरिकेतल्या झेरॉक्सच्या संशोधनशाळेत 1970 नंतरच्या दशकात काम करीत होते. पुढे 1983 साली अ‍ॅपलच्या लिसा नावाच्या संगणकात झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतल्या शेजारशेजारच्या कळा या कामांना दिल्या गेल्या. टेसलर 2020 साली वारले, पण त्या चार कळा आजही आपापल्या कामावर आहेत. आपल्या मराठीचेही तसेच. सरकारने 1986 साली भारतीय भाषांसाठी जो इनस्क्रिप्ट कळफलक ठरवला, त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. के या कळेवर 'क', आणि शिफ्ट धरून तीच दाबली की 'ख'. एनवर 'ल', शिफ्टसह 'ळ'. कितीही प्रणाल्या आल्या आणि गेल्या, ही घरे हलली नाहीत. शिवाय हिंदीला आणि गुजरातीलाही याच धर्तीची मांडणी. म्हणून आपल्या मुलींना मी सांगेन, वेगळ्या कंपनीचा वेगळा कळफलक शिकण्यापेक्षा हा शिका. मराठीत शिरण्याचे दार बदलेल, आत गेल्यावर घर तुमच्या ओळखीचे असेल.

आता कोणी म्हणेल, एवढा ताप होतो तर संगणक नवा करूच नये. मीही त्या सकाळी तसेच म्हटले होते. पण ते बरोबर नाही. 2017 सालच्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या एका उपद्रवी प्रोग्रामाने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडातल्या सरकारी इस्पितळांचे कामकाजसुद्धा त्याने अडवले. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच साली मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली, त्यांच्या संगणकांत त्या छिद्रातून त्याला शिरता आले नाही. आपल्या संगणकात गटाच्या पैशांचा हिशेब आहे. दाराची कडी नवी बसवताना हाताला अडचण होते म्हणून आपण जुनी मोडकी कडी ठेवीत नाही. फक्त ती कडी लग्नाच्या आदल्या रात्री बसवू नये, इतकेच!

तेव्हा त्या दिवसापासून आपण मंडळात काही नियम केले आहेत. एक, ज्या आठवड्यात बँकेचे वा कचेरीचे काम असेल त्या आठवड्यात नवी आवृत्ती बसवायची नाही; आधी किंवा नंतर, दिवसाउजेडी बसवायची. दोन, बसवल्यावर लगेच तीन गोष्टी करून पाहायच्या. मराठीत 'पारगाव' लिहायचे, एक ओळ नक्कल करून चिकटवायची आणि एक पान छापायचे. तीन, कपाटाच्या आतल्या अंगाला एक पुठ्ठा लावला आहे. त्यावर प्रत्येक कामाची पाणंद आणि सडक दोन्ही शाईने लिहिल्या आहेत. मराठीत येण्यासाठी विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि स्पेस; अ‍ॅपलच्या संगणकात बहुधा कंट्रोल आणि स्पेस; आणि दोन्ही चालल्या नाहीत तर पडद्याच्या कोपऱ्यातले भाषेचे चिन्ह. विंडोजमध्ये हे चिन्ह खाली उजवीकडे असते, अ‍ॅपलमध्ये वर उजवीकडे. चार, काहीच जमले नाही तर स्वच्छ अक्षरात हाताने लिहावे आणि बँकेला फोन करून विचारावे, हे चालेल का. त्या रात्री मला हे सुचलेच नव्हते. आपल्या सर्वांत वडील सभासद दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अगं, कळा रुसल्या होत्या, हात का रुसला होता?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आणि पाचवा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मंडळाचे कोणतेही काम एकाच बाईच्या बोटांत ठेवायचे नाही. मला वाटत होते, मी एकटी सगळे लिहिते ही माझी सेवा आहे. खरे सांगू का? त्यात थोडा अभिमानही होता. काकीवाचून मंडळाचा कागद हलत नाही, हे ऐकायला गोड वाटत होते. ज्या रात्री माझ्या दोन कळा चालल्या नाहीत, त्या रात्री सगळे मंडळ अडून बसले, आणि त्याची किंमत मी नाही, दुसरीने भरली. आता दर गुरुवारी दुपारी चौघीजणी संगणकापुढे बसतात. त्यातल्या दोघींनी आयुष्यात कधी कळफलक पाहिला नव्हता. या स्मरणिकेतली सभासदांची यादी त्या दोघींनी टंकली आहे. तीत एखादी वेलांटी चुकली असेल तर पोटात घाला. ती चूक मला माझ्या बिनचूक पानांहून प्रिय आहे.

शेवयांचे यंत्र आले, हे आपण सगळ्या जाणताच. हंगामाचे उरलेले दिवस ते रात्रंदिवस चालले. आणि माझी नात आता मलाच दटावते, "आजी, आधी कोपऱ्यात बघ, मग माझ्यावर ओरड." मी बघते.

पाणंदीने जरूर जा, भगिनींनो. जवळच्या वाटेत काही वाईट नाही. पण वर्षातून एकदा सडकेनेही चालून या, आणि जाताना कोणाला तरी बरोबर न्या. एवढेच मला सांगायचे होते.